दुपारची बॅच

कोणतंही यंत्र सुरू करताना तो त्याच्यावर उजवा तळहात टेकवून क्षणभर थांबायचा. त्या हाताची शेवटची दोन बोटं वळत नसत, ती कायम थोडी वर उचललेली राहत. यंत्र सुरू होऊ लागलं की तो हात काढून घ्यायचा आणि म्हणायचा, "आधी उठू द्या त्याला. उठताना कसं उठतंय, त्याच्यावर दिवस हाय."

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हसले होते. लॅपटॉपच्या पाया पडतोस की काय, असं विचारलं होतं. तो म्हणाला, "पाया न्हाई ताई. हलून राहिलंय का बघतो."

तो किल्लारीच्या बाजूच्या एका गावचा होता. ते वाक्य तिथून आलं आहे हे कळायला मला वर्ष लागलं. कळल्यावर मी पुन्हा हसले नाही.

तुम्ही त्या वर्षांत लातूरला येऊन गेला असाल, तर तुम्हाला चौकाचौकातले फलक आठवत असतील. मुलांचे चेहरे, चेहऱ्यांखाली गुण, आणि सगळ्या चेहऱ्यांहून मोठा संचालकांचा चेहरा. गाव नकाशावर आलं ते भूकंपानं आणि नावारूपाला आलं ते क्लासेसनं, असं आमचे संचालक पाहुण्यांना सांगत. दोन्ही गोष्टी एका श्वासात सांगायचे, जणू एकीनं दुसरीची भरपाई झाली. तो दाराशी उभा असला तरी सांगायचे.

त्यांच्या क्लासमध्ये मी प्रश्नपत्रिकांची मुद्रितं तपासत असे. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या बाईला लातूरच्या क्लासमध्ये दुसरं काम कोण देणार? माझ्या टेबलाशेजारी घरून आणलेल्या पुस्तकांचा एक कप्पा होता. तो संगणकांचं बघायचा. माझ्याहून चारपाच वर्षांनी लहान. आमची टेबलं पाठीला पाठ लावून होती, त्यामुळे सहा वर्षं मी त्याला मुख्यतः ऐकलं.

परीक्षा संगणकावर होणार असं ठरलं, तेव्हा संचालकांनी हैदराबादच्या कुठल्या तरी कंपनीतून निघालेले जुने लॅपटॉप टेम्पोभर आणले. त्यांत काहीच घातलेलं नव्हतं. त्यानं एकेक करून सगळ्यांत लिनक्स नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर घातलं. जुन्या यंत्राला तेच झेपतं, म्हणायचा. आमची बाकं उतरती होती, माऊस ठेवला की घसरून खाली पडे, म्हणून पोरांनी सगळं टचपॅडवर करायचं ठरलं. त्या चौकोनाला तो पाटी म्हणे, आणि त्याची त्याला फार माहिती. कारण त्याचा स्वतःचा हात.

"ही पाटी धडधाकट हात समोर धरून केलेली असती, ताई," तो म्हणायचा. "दोन बोटं अशी सरकवा, तीन बोटं तशी सरकवा. माझी बोटं सरकत न्हाईत. मग मी पाटीलाच सांगितलं, बाई, तू माझ्यासारखी हो."

त्यानं आपल्या लॅपटॉपचा टचपॅड आपल्या हाताप्रमाणे लावून घेतला होता. अडचण एवढीच, की यंत्र बंद करून सुरू केलं की टचपॅड सगळं विसरे आणि कारखान्यातल्या सवयीवर जाई. म्हणून त्यानं काही ओळी लिहून अशा ठिकाणी ठेवल्या होत्या, की संगणक सुरू होतानाच त्या आपोआप चालाव्यात. रोज सकाळी यंत्राला आठवण करून द्यायची, हा हात असा आहे. मला संगणकातलं कळत नाही, पण हे मला कळलं होतं. तो सांगायचाच असं, की कळावं.

क्लासच्या लॅपटॉपमध्येही त्यानं तसंच केलं, पण वेगळ्या कारणानं. आमच्या पोरांची कच्चं काम करायची एक रीत होती. बाकावर जागा नसे. म्हणून कच्चा कागद लॅपटॉपवरच पुढच्या बाजूला पसरायचा, त्यावर मनगट टेकवून गणित करायचं, मग कागद सरकवून उत्तर निवडायचं. कागदाखाली टचपॅड. नुसता स्पर्श झाला तरी तो दाबल्यासारखं धरायचा आणि पडद्यावर बाण जिथे असेल तिथलं उत्तर निवडून टाकायचा. पहिल्याच सराव परीक्षेत हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं अकरा ओळी लिहिल्या. स्पर्श म्हणजे दाबणं नव्हे. खालचं बटण खरोखर दाबलं तरच उत्तर धरायचं. प्रत्येक यंत्र सुरू होताना या ओळी चालत. त्या दिवशी तो खूश होता. सगळ्यांना चहा सांगितला आणि स्वतःच्या कपात सवयीनं तीन चमचे साखर घातली.

दोन बॅचच्या मध्ये मावशी झाडून घेत. धूळ उडून कळफलकांत जाई. एक दिवस तो मावशींना म्हणाला, "मावशी, झाडायच्या आधी सगळ्यांची झाकणं लावत जा." मावशी लावू लागल्या. किती साधी गोष्ट. मी तिथेच बसले होते, कुठल्या तरी रसायनशास्त्राच्या पेपरातले ऱ्हस्वदीर्घ बघत.

दुपारच्या बॅचमध्ये अहमदपूरकडची एक मुलगी होती. वडील तालुक्याच्या शाळेत शिपाई. वसतिगृहात राहायची. जेवणाच्या सुट्टीत माझ्या कप्प्याशी येऊन उभ्यानं वाचायची, कारण अभ्यासाबाहेरचं पुस्तक खोलीवर नेलं की रेक्टर काढून घेई. पान दुमडायची नाही, आकडा पाठ ठेवायची. सांगायची, "मॅडम, एकशे बारावर हाय मी." तिची हुशारी मला मार्कांवरून कळलेली नव्हती.

वर्षाच्या सुरुवातीला तीन परीक्षा घेऊन पुढच्या बॅच ठरत. वरची मुलं निवडक बॅचमध्ये. तिथे नावाजलेले मास्तर, तिथेच फलकावर जायची शक्यता. उरलेल्यांना जे उरेल ते. तिसऱ्या परीक्षेनंतर ती मुलगी त्याच्या टेबलाशी आली. मी ऐकत होते. म्हणाली, सर, मी हे उत्तर दिलेलं नव्हतं. तीन ठिकाणी असं झालंय.

असं प्रत्येक परीक्षेनंतर कोणी ना कोणी म्हणतंच. संचालकांनी तर अशा पोरांसाठी एक वाक्य तयार ठेवलं होतं, यंत्र खोटं बोलत नाही. त्यानं मात्र तिला उडवून लावलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर बोलावलं, तिचाच लॅपटॉप सुरू करून दिला, म्हणाला, रोज जशी बसतीस तशी बस, कागद पसर, गणित कर. तिनं केलं. अर्धा तास तो शेजारी उभा होता. एकही उत्तर हललं नाही.

तेव्हा तो तिला जे बोलला, ते त्यानं पुढे मला शंभर वेळा तरी सांगितलं असेल. "मशीन बरोबर हाय, बाळा. हात तुझाच घाईत पडला असंल. मान्य करून पुढं व्हावं."

ती "हाव सर" म्हणाली आणि गेली. यादी लागली. तिचं नाव खालच्या बॅचमध्ये होतं. माझ्या कप्प्याशी एकदा आली, पुस्तक काढलं नाही, नुसतीच उभी राहिली. आठ दिवसांत वडील येऊन सामान घेऊन गेले.

त्यानंतरच्या एका दुपारी तो वर्गात विसरलेलं पेन ड्राइव्ह आणायला गेला. मावशींचं नुकतंच झाडून झालं होतं. त्यानं सहज एका लॅपटॉपचं झाकण उघडलं, सवयीनं हात टेकवला, आणि बटण न दाबताच पडद्यावर एका उत्तराची चौकट निवडली गेली.

परत आला तेव्हा त्याचा चेहरा मातीसारखा झाला होता. म्हणाला, "ताई, झाकण लावलं की ते झोपतंय. बंद होत न्हाई. झोपून उठलं की पाटी जुन्या सवयीवर जाती. माझ्या ओळी सुरू होताना चालतात. झोपेतून उठताना न्हाई."

मी विचारलं, म्हणजे?

"म्हणजे सकाळच्या बॅचला बरोबर. दुपारच्या सगळ्या पोरांचं चूक. अन् झाकणं लावायला मीच सांगितलं." मग म्हणाला, "त्या पोरीला मी सकाळी बसवलं होतं."

यंत्रं त्या संध्याकाळपर्यंत दुरुस्त झाली. त्याच ओळी जागं होतानाही चालतील असं त्यानं करून टाकलं. यंत्राचं काय, यंत्राला सांगितलं की ऐकतं.

दोन दिवस बसून त्यानं नोंदी काढल्या. कोणत्या उत्तरावर किती वेळा बदल झाला, हे परीक्षेच्या प्रणालीत लिहिलेलं असे. सकाळच्या बॅचमध्ये तुरळक बदल, दुपारच्या बॅचमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे ढीग. ते कागद घेऊन तो संचालकांकडे गेला आणि मलाही सोबत नेलं. मला म्हणाला, तुम्ही नुसत्या उभ्या राहा, मला नीट बोलता येत न्हाई, काही अडलं तर तुम्ही बोला.

त्याचं मागणं एवढंच होतं, की दुपारच्या बॅचची परीक्षा परत घ्यावी.

संचालकांनी कागद चाळले. वाचले नाहीत, चाळले. मग म्हणाले, यादी लागली आहे. मास्तर ठरले आहेत. एकदा परीक्षा परत घेतली की पालक म्हणणार, मागच्या सगळ्या घ्या. "तुझ्या एका ओळीपायी मी माझं नाव घालवू?"

"एक न्हाई सर, अकरा ओळी हायेत," तो म्हणाला. "अन् नाव तुमचं कशाला? माझं टाका. चूक माझी हाय. चौकात फलक लावा, त्याच्यावर माझा फोटो लावा."

मला त्याही क्षणी हसू येणार होतं. संचालकांना आलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. तुमचं काय मत?"

मी म्हणाले, "मला संगणकातलं कळत नाही, सर."

हे वाक्य मी लिहिताना तीनदा खोडलं आहे. खोडून जात नाही. मला कळत होतं. झाकण, झोप, कागद, मनगट, सकाळ, दुपार, सगळं कळत होतं. त्यानं मला समजावताना एकही कठीण शब्द वापरला नव्हता. नोकरी जाईल याची भीती होती, हे खरं आहे. पण भीती होती म्हणून ते वाक्य कमी घाणेरडं होत नाही. बाहेर आल्यावर तो उलट मलाच म्हणाला, "तुम्हाला उगी उभं केलं, ताई." माझा राग खरं तर तिथून सुरू होतो. त्यानं तेव्हा मला शिवी द्यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी तो दुपारच्या बॅचमध्ये गेला, मास्तर यायच्या आत फळ्यापाशी उभा राहिला आणि पोरांना सांगितलं, तुमची काही उत्तरं तुम्ही बदलली नव्हती, यंत्रानं बदलली, आणि ती चूक माझी आहे. मला हे मावशींनी सांगितलं. त्या दाराशी झाडू घेऊन उभ्या होत्या. मग मागून एका पोरानं विचारलं म्हणे, सर, मग आता मार्क? संध्याकाळच्या आत त्याला काढून टाकलं. कारण लिहिलं, शिस्तभंग. त्या पत्राचं मुद्रित माझ्याकडे तपासायला आलं होतं. मी तपासून दिलं.

त्याचे वडील गवंडी होते. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, नोकरी गेल्यावर, स्टँडजवळच्या हॉटेलात. गावातली निम्मी घरं वडिलांच्या हातची. दगड आणि माती, हात हात रुंद भिंती, वर मातीचं जड माळवदी छत. तेव्हा सगळे तसंच बांधत. भूकंपाच्या त्या पहाटे भिंती कोसळल्या. हा एका भिंतीखाली सापडला, हात गेला नाही, दोन बोटं कामातून गेली. आई गेली. नंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेल्यावर वडील रोज एकेका शेडपुढे जाऊन उभे राहत आणि म्हणत, तुमचं घर मी बांधलं होतं. लोक म्हणत, जा बाबा, देवाचा कोप, तू काय करणार? वडील म्हणत, कोप देवाचा असंल, भिंत माझी होती.

"लोकांला वाटायचं येडा झाला," तो म्हणाला. "मला लाज वाटायची. मी मागं मागं जायचो न् त्यांचा सदरा ओढायचो, की चला घरी."

मग त्यानं विचारलं, त्या मुलीचा पत्ता तुमच्याकडे आहे का. माझ्या कप्प्यावरची पुस्तकं वाचणाऱ्या पोरांची एक वही मी ठेवत असे, तीत तिच्या वडिलांचा फोन नंबर होता. मी दिला. एवढं मी केलं.

रविवारी तो एस. टी.नं अहमदपूरला गेला. वडील भेटले, मुलगी मामाकडे गेली होती. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि चहा दिला. मग म्हणाले, दोन दिवस मी पोरीला समजावून राहिलो की चूक तुझीच हाय, मशीन कशाला खोटं बोलंल. आता तुमच्या तोंडून ऐकलं तर ती मला काय म्हणंल? मी सांगतो तिला, माझं मी सांगतो. तुम्ही फोन करू नका.

त्यानं शब्द दिला आणि पाळला. मला म्हणाला, बापानं सांगावं हेच बरोबर. मलाही ते तेव्हा पटलं.

लातूरच्या कुठल्याच क्लासनं त्याला पुन्हा ठेवलं नाही. फळ्यापाशी उभं राहून चूक कबूल करणारा माणूस कोणाला हवा? तो नांदेडला गेला, बाजारातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात बसू लागला. ते दुकान दोन मुसलमान भावांचं होतं, ते त्याला "उस्ताद" म्हणत आणि त्यांनी त्याच्या हाताप्रमाणे टेबल उतरतं करून दिलं होतं, हे सांगताना त्याला फार कौतुक वाटे. हात थरथरणाऱ्या म्हाताऱ्यांचे, एका हातानं काम करणाऱ्यांचे लॅपटॉप त्याच्याकडे येत. फोनवर मला एकेकाच्या हाताचं वर्णन ऐकवी. संचालकांबद्दल तो कधी वाईट बोलला नाही. ते काम मी करते आहे.

मागच्या महिन्यात तो गेला. दुकानातच छातीत दुखलं, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. चाळिशीही पुरती झाली नव्हती.

चौथ्या दिवशी क्लासबाहेर फलक लागला. त्याचा फोटो, भावपूर्ण श्रद्धांजली, आणि खाली, "आमच्या परिवारातील कर्तव्यदक्ष सदस्य". कोपऱ्यात संचालकांचा हात जोडलेला फोटो, त्याच्या फोटोहून मोठा. फलक छापायच्या आधी संचालकांचा मला फोन आला होता. तुमची भाषा चांगली आहे मॅडम, दोन ओळी लिहून द्या. मी दिल्या. लिहिलं, दुपारच्या बॅचचा तो निकाल चुकीचा होता. हे यानं सांगितलं, म्हणून याला आपण काढलं. त्या ओळी अर्थातच छापल्या गेल्या नाहीत. नोकरी सोडल्याचं पत्र मी त्या ओळींबरोबरच दिलं होतं. एवढ्या वर्षांनी द्यायला त्यात काही शौर्य नाही.

घरी येऊन मी ती जुनी वही काढली. वडिलांनी फोन उचलला, मला ओळखलं. तो गेल्याचं सांगितल्यावर म्हणाले, चांगला माणूस होता. मी विचारलं, मुलीला तेव्हा सांगितलंत ना? ते म्हणाले, "आज सांगू, उद्या सांगू करता करता राहूनच गेलं, मॅडम." त्यांनी तिचा नंबर दिला.

ती नांदेडला एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. मी नाव सांगताच म्हणाली, "मॅडम, ते पुस्तक माझं अर्धंच राहिलं होतं." तो गेला हे सोडून मी तिला सगळं सांगितलं. कागद, मनगट, झाकण, सकाळी बसवलं तेव्हा का हललं नाही. त्यानं जसं सांगितलं होतं तसंच, एकही कठीण शब्द न वापरता.

ती म्हणाली, "इथं मी प्रत्येक आकडा तीनदा बघती. डॉक्टर म्हणतात, लई काळजीनं काम करती. काळजी न्हाई मॅडम ती. मला माझ्या हाताची भीती वाटती."

मी म्हणाले, चूक तुझ्या हाताची नव्हती.

पलीकडून कोणीतरी तिला हाक मारली, रिपोर्ट मागितला. तिनं "आले" म्हटलं, पण फोन ठेवला नाही.

"ते सर कुठं असतात आता?" तिनं विचारलं. "मला भेटायचंय त्यांना."

मी तिला विचारलं, तुझी लॅब नांदेडात कुठे आहे. तिनं रस्त्याचं नाव सांगितलं. त्याचं दुकान त्याच रस्त्याला होतं.